अर्भकाचे रक्त

१८६६ साली ब्र्यून येथील निसर्गाभ्यासी मंडळाच्या वार्षिकात ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यावरील निबंध छापून आला, हे आता शाळेतली मुलेही जाणतात. त्याच साली, तिथून दूर उत्तरेला, रशियन साम्राज्यातल्या दोर्पात ह्या विद्यापीठाच्या गावी (आजचे एस्टोनियातील तार्तू) कोर्बर नावाच्या वैद्यकाच्या एका विद्यार्थ्याने पदवीसाठी प्रबंध सादर केला. त्यात त्याने एक साधी गोष्ट नोंदवली होती. मोठ्या माणसाच्या रक्तात दाहक अल्कली मिसळली की रक्ताचा लाल रंग लौकरच नासतो. नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाच्या रक्ताचा रंग मात्र कितीतरी वेळ तग धरून राहतो. म्हणजे आईच्या पोटातून येताना मूल जे रक्त घेऊन येते ते वेगळे असते, आणि पुढे ते कुठेतरी नाहीसे होते. ते का वेगळे, आणि कुठे जाते, हे त्या काळी कोणाला सांगता येण्यासारखे नव्हते.

मेंडेलचा निबंध पस्तीस वर्षे धूळ खात पडला आणि मग जगभर गाजला. कोर्बरच्या प्रबंधाच्या नशिबी तेवढेही आले नाही. तथापि ह्या दोन कागदांचा एकमेकांशी संबंध होता, आणि तो पुरता उलगडायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. ती हकीकत मला सांगायची आहे. मी डॉक्टर नव्हे. शास्त्राच्या इतिहासाचा एक हौशी वाचक आहे. पण ह्या हकीकतीचा धागा शिकागो, केंब्रिज, सौदी अरबस्तान असा फिरत फिरत नागपुरास येतो, आणि तिथे आल्यावर ती नुसती इतिहासाची हकीकत राहत नाही.

१९०४ च्या डिसेंबरात शिकागोच्या प्रेसबिटेरियन इस्पितळात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा वीस वर्षांचा तरुण दाखल झाला. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यकी शिकायला आला होता. खोकला, ताप, अशक्तपणा आणि पायांवर जुन्या जखमांचे वण. अर्नेस्ट आयर्न्स ह्या उमेदवार डॉक्टरने त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला गोल तांबड्या पेशींच्या गर्दीत काही लांबट, बाकदार, विळ्याच्या पात्यासारख्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक ह्यांनी सहा वर्षे वाट पाहून १९१० साली ही हकीकत प्रसिद्ध केली. नोएल शिक्षण पुरे करून आपल्या बेटावर परतला, दाताचा दवाखाना चालवू लागला आणि १९१६ साली, पुरती पस्तिशीही न गाठता वारला. त्याच्या रक्तातल्या विळ्यांवरून आजाराला नाव मिळाले, तेच आज आपल्या विदर्भातल्या खेड्यापाड्यांत ‘सिकलसेल’ म्हणून सर्वांच्या तोंडी आहे.

त्यानंतरचा भाग इतक्यांदा सांगून झाला आहे की मी तो झपाट्याने आटोपतो. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ह्या रोग्यांचे हीमोग्लोबिनच निराळे आहे. विजेच्या क्षेत्रात ते निराळ्या वेगाने सरकते. त्याच साली जेम्स नील ह्यांनी दाखवून दिले की एकाच पालकाकडून हा दोष आला तर माणूस केवळ वाहक होतो, दोघांकडून आला तरच रोगी; इथे मेंडेलचे वाटाणे जसेच्या तसे उपयोगी पडले. १९५४ साली अँथनी ॲलिसन ह्यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवले की वाहकाला हिवतापापासून संरक्षण मिळते, आणि म्हणूनच असा घातक दोष हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिला. १९५६ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम ह्यांनी घाव नेमक्या जागी घातला. हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले आहे, बाकी सारे जसेच्या तसे. पुढे कळले की जनुकाच्या लिपीत ह्यासाठी अवघे एक अक्षर बदलावे लागते.

एक अक्षर आणि एक रोग! विसाव्या शतकाच्या मध्याला ह्या हिशेबाची केवढी मोहिनी पडली होती, ह्याची आज कल्पना येणे कठीण आहे. आनुवंशिकता म्हणजे एक मोठी पोथी, आणि रोग म्हणजे तिच्यातली लेखनिकाची चूक. चूक शोधली की सारे उलगडले, असा एकंदर रंग होता. परंतु इस्पितळातल्या डॉक्टरांना एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. दोन मुले घ्या. दोघांच्याही दोन्ही प्रतींत तेच अक्षर चुकलेले. एकाला वर्षाच्या आत हातापायांची बोटे सुजून असह्य कळा येतात, प्लीहा निकामी होते, आणि पाचवे वर्ष उलटायच्या आत ते जाते. दुसरे मोठे होते, लग्न करते, शेतात राबते, आणि कधीतरी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासले म्हणून त्याला हा रोग असल्याचे कळते. चूक तीच, जागा तीच. मग असा जमीन-अस्मानाचा फरक का?

ह्या प्रश्नाचे पहिले सूत्र एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या हाती लागले. ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन १९४८ साली नवजात अर्भकांचे रक्त पाहत होत्या. ज्यांना पुढे आजार व्हायचा ती मुलेही जन्मतः ठणठणीत दिसत, आणि त्यांच्या रक्तात विळे फारच थोडे सापडत. बाईंनी तर्क केला की अर्भकाजवळ जे गर्भातले हीमोग्लोबिन असते ते पेशीला वाकू देत नसावे, आणि ते ओसरले की आजार तोंड वर काढत असावा. कोर्बरचा तो न नासणारा लाल रंग बयाऐंशी वर्षांनी असा पुन्हा पुढे आला. पॉलिंगच्या निबंधाच्या आधी एक वर्ष ही गोष्ट छापून झाली होती. पण पॉलिंगच्या शोधाचा उजेड इतका पडला की हिच्याकडे तितकेसे कोणी पाहिले नाही. मला स्वतःला ह्या साऱ्या इतिहासात वॉटसनबाईंचे ते निरीक्षण सर्वांत मोलाचे वाटते. बाकीचे सगळे रोग कशाने होतो हे शोधीत होते. ह्या बाईंनी तो कशाने होत नाही हे पाहिले.

इथे थोडे तांत्रिक झाल्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या अकराव्या गुणसूत्रावर हीमोग्लोबिनच्या साखळ्यांची पाच जनुके एका ओळीत बसली आहेत. पहिले भ्रूणाच्या आरंभीच्या आठवड्यांत कामास येते. नंतरची दोन, गॅमा नावाची जुळी, गर्भाच्या उरलेल्या काळात काम करतात. त्यांच्याच साखळीने कोर्बरने पाहिलेले अर्भकाचे हीमोग्लोबिन बनते. चौथे अगदी किरकोळ, आणि पाचवे बीटाचे, जे जन्माच्या सुमारास नेटाने काम सुरू करते आणि जन्मभर चालू राहते. संगीत नाटकातले नट पदांच्या क्रमाने विंगेत उभे राहावेत, तशी ही जनुके आपापल्या पाळीच्या क्रमानेच ओळीत आहेत. जन्मानंतर सहा महिने ते वर्षाच्या आत गॅमाची पाळी संपत येते आणि बीटाची भरास येते. सिकलसेलची चूक बीटामध्ये आहे. म्हणून मूल पोटात असताना आणि जन्मल्यावर काही महिने सुरक्षित असते. गॅमाच्या साखळीचे हीमोग्लोबिन त्या रोगट दांड्यांच्या जुडीत गुंफले जात नाही. पेशीत ते पुरेसे असले तर दांडे जुळायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पेशी बारीक रक्तवाहिनीतून पार होऊन जाते.

सगळ्यांतच गॅमाची पाळी सारखीच संपती, तर सगळ्यांचाच आजार सारखा झाला असता. तसे होत नाही. काहींमध्ये गॅमा प्रौढपणीही थोडेफार काम करीत राहते, आणि त्या ‘थोडेफार’मध्येच सारे रहस्य आहे.

१९७२ साली सौदी अरबस्तानच्या पूर्व भागात, तेलाच्या कंपनीच्या वैद्यकसेवेत असलेले डॉक्टर पेरिन आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी ह्यांनी तिथल्या शिया वस्तीतल्या सिकलसेल रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. आफ्रिकेत किंवा अमेरिकेत ज्या रोगाने लहानपणीच माणसे जात, तोच इथे पुष्कळ सौम्य होता, आणि ह्या रोग्यांच्या रक्तात अर्भकाचे हीमोग्लोबिन चांगलेच भरपूर होते. १९८६ साली ओरिसातल्या संबलपूरकडील रोग्यांविषयी जवळजवळ तीच गोष्ट प्रसिद्ध झाली. जमैकातल्या रोग्यांत ज्या हीमोग्लोबिनचे प्रमाण सरासरीने पाच ते आठ टक्के, ते इथे त्याच्या दुपटीहून अधिक. त्याच वर्षी कुलोझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की पूर्व अरबस्तान आणि भारत येथील सिकलसेलचे जनुक एकाच प्रकारच्या शेजारात, म्हणजे गुणसूत्राच्या एकाच धर्तीच्या तुकड्यावर बसलेले आहे. आफ्रिकेतले तुकडे निराळे. त्याला ‘अरब-भारतीय’ असे नाव पडले.

भारतात हा आजार आहे हेच मुळी १९५२ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडात स्थायिक झालेले हर्मान लेमान आणि त्यांच्या सहकारी मेरी कटबुश ह्यांनी निलगिरीतल्या आदिवासींत सिकलसेलचे वाहक शोधून काढले. त्याच वर्षी वरच्या आसामातल्या चहामळ्यांच्या मजुरांतही ते आढळले. लेमान ह्यांना त्यावेळी रोगापेक्षा वंशशास्त्राची ओढ अधिक होती. ह्या जमातींना तेव्हाचे पंडित ‘वेद्दोइद’ म्हणत, आणि त्यांचे मूळ अरबस्तानकडे शोधीत. ते वर्गीकरण आता मोडीत निघाले आहे. ज्यांचे रक्त तपासले त्यांना त्याचा काय उपयोग झाला, हा प्रश्न मात्र तेव्हाही कोणी फारसा विचारला नव्हता. १९५८ साली नागपुरातल्या शुक्ला आणि सोळंकी ह्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची हकीकत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली, आणि हा आजार केवळ डोंगरदऱ्यांतल्या जमातींचा नव्हे हे स्पष्ट झाले. आज गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, आणि तिकडे नंदुरबारच्या सातपुड्यात आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्ग ह्यांतल्या कित्येक घरांत ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द पत्रिकेतल्या राशी-नक्षत्रांसारखे बोलले जातात. पहिला म्हणजे वाहक, दुसरा रोगी. सोयरीक जमवताना ते विचारले जातात, आणि कधीकधी लपवलेही जातात.

आता अरब-भारतीय तुकड्यात असे काय होते? १९८५ साली गिलमन आणि हुइसमन ह्यांनी एक अक्षर दाखवले. ते गॅमा जनुकाच्या आत नाही, त्याच्या सुरुवातीच्या १५८ अक्षरे आधी आहे. तिथे ‘सी’च्या जागी ‘टी’ असला तर गॅमाचे काम अधिक चालते. ह्या अक्षराने कोणत्याही साखळीचा एकही दुवा बदलत नाही. गॅमा जसा आहे तसाच राहतो; तो किती बनवायचा एवढेच बदलते. निरोगी माणसात तर ह्या अक्षराचा परिणाम जवळजवळ दिसतही नाही. रक्त नासू लागले, अस्थिमज्जेवर नवीन पेशी घाईने तयार करण्याचा ताण पडला, की मग ते आपला प्रभाव दाखवते.

जनुके स्वतः काय सांगतात आणि ती केव्हा, किती बोलतात ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, ही कल्पना १९६१ साली पॅरिसमध्ये झाकोब आणि मोनो ह्यांनी जंतूंवरच्या प्रयोगांनी मांडलीच होती. दुधातली साखर समोर असली तरच ती पचवणारी जनुके जंतूत जागी होतात. एरवी एक नियंत्रक त्यांना दाबून ठेवतो. पण जंतूंचे शास्त्र माणसाला लावणे सोपे नव्हते. अर्भकाचे हीमोग्लोबिन प्रौढपणी किती राहावे हे ठरवणारे हात अकराव्या गुणसूत्रावरच असावेत, असा साहजिकच सर्वांचा समज होता. ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातून २००० साली असा निष्कर्ष निघाला की हे हीमोग्लोबिन बाळगणाऱ्या पेशींच्या संख्येतला माणसामाणसांतला फरक जवळजवळ ८९ टक्के आनुवंशिक आहे. आणि १५८ व्या जागेचे अक्षर तर त्यातला लहानसाच वाटा उचलीत होते. मग बाकीचा कुठे दडला होता?

तो दुसऱ्या गुणसूत्रावर दडला होता. २००७ साली लंडनमध्ये स्वी ले थीन ह्यांच्या गटाने त्या जुळ्यांतून पेशींची संख्या अतिशय जास्त आणि अतिशय कमी असलेली माणसे निवडून त्यांची सबंध जनुकसंपदा पडताळली. पुढच्याच वर्षी सार्डिनिया बेटावरच्या अभ्यासातही तेच निघाले. ‘बीसीएल-अकरा-ए’ नावाचे जनुक, जे तोवर मुख्यतः रक्ताच्या कर्करोगाच्या संदर्भात ठाऊक होते, त्याच्या पोटातल्या काही अक्षरांशी हे प्रमाण निगडित होते. सहाव्या गुणसूत्रावरची आणखी एक जागा सापडली. ह्या दोन आणि अकरावरची मूळची, अशा तीन जागा मिळून फरकाचा पाचवा हिस्सा ते निम्मा भाग उलगडला. उंची, रक्तदाब, मधुमेह अशा गुणांमागे शेकडो-हजारो जागांचा चिमूट चिमूट हात असतो, आणि अशा शोधांत सापडलेल्या जागांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जनुकांच्या मजकुराबाहेरच निघतात. त्या मानाने हा गुण अभ्यासकाला पुष्कळच दयाळू म्हणायचा.

२००८ साली बोस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन ह्यांनी दाखवले की बीसीएल-अकरा-ए हाच गॅमाला पडद्याआड ढकलणारा आहे. ह्याला काढून टाकले की प्रौढ पेशीतही गॅमा पुन्हा बोलू लागतो. मग औषध म्हणून त्यालाच का काढू नये? कारण तो इतरत्र फार उपयोगाचा आहे. मेंदूच्या वाढीला तो लागतो, रक्ताच्या मूळ पेशींनाही लागतो. ज्यांच्यात त्याची एक प्रत जन्मतः नष्ट झालेली असते अशी थोडी मुले डॉक्टरांना आढळली आहेत. त्यांच्या रक्तात अर्भकाचे हीमोग्लोबिन भरपूर असते, पण त्यांची बौद्धिक वाढ खुंटलेली असते.

ह्यातून वाट दाखवली ती माणसांत सहज आढळणाऱ्या त्या अक्षरांनीच. ज्यांच्यात ती असतात ती माणसे तर चांगली धडधाकट असतात! म्हणजे ही अक्षरे त्या जनुकाला सगळीकडे अपंग करीत नसली पाहिजेत. २०१३ साली डॅनियल बॉवर, ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ती ज्या ठिकाणी आहेत तिथे एक ‘वर्धक’ आहे: जनुकाच्याच पोटात, पण त्याच्या मजकुराबाहेर, केवळ तांबड्या पेशींच्या पूर्वजांत ह्या जनुकाचा आवाज वाढवणारा तुकडा. अक्षर बदलले की तिथे येऊन बसणाऱ्या प्रथिनांची पकड जराशी ढिली होते, आवाज थोडा उतरतो, आणि गॅमाला थोडी उसंत मिळते. हा तुकडाच मोडला तर तांबड्या पेशींत नियंत्रक गप्प होतो, आणि पांढऱ्या पेशींत मात्र नेहमीसारखा चालू राहतो.

उपचार नेमका हाच झाला. रोग्याच्या मूळ रक्तपेशी बाहेर काढायच्या, जनुकीय कात्रीने तो वर्धक तोडायचा, तीव्र औषधाने अस्थिमज्जा रिकामी करायची आणि सुधारलेल्या पेशी परत घालायच्या. अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे ह्या बाईंवर २०१९ साली तो झाला. चाचणीत ज्या ३१ रोग्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला त्यांतले २९ जण किमान वर्षभर मोठ्या वेदनांच्या झटक्यांपासून मुक्त राहिले. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने ह्या उपचाराला परवानगी दिली. बीटामधली मूळ चूक ह्यात दुरुस्त होतच नाही. ती जशीच्या तशी राहते. फक्त अर्भकाचे रक्त परत बोलावले जाते. अमेरिकेत ह्याची किंमत जाहीर झाली ती एका माणसामागे २२ लाख डॉलर.

आणि आता नागपूर. ओरिसातल्या अभ्यासानंतर ‘भारतातला सिकलसेल सौम्य असतो’ हे वाक्य पुस्तकांतून फिरू लागले. ते खोटे नव्हते, पण ज्या रोग्यांना पाहून ते लिहिले त्यांच्यापुरतेच होते. आणि जी मुले दवाखान्यात पोचण्याआधीच गेली ती कुठल्याच तक्त्यात आली नव्हती. नागपुरातल्या डॉक्टरांनी २०१२ आणि २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून दिसले की विदर्भातल्या मुलांतही तोच अरब-भारतीय तुकडा, तेच भरपूर अर्भक-हीमोग्लोबिन असूनही कित्येकांना वारंवार कळा येतात, रक्त चढवावे लागते, जंतुसंसर्गाने ती दगावतात. गॅमाचे प्रमाण हा एक हात झाला. दुसऱ्या साखळीची, म्हणजे आल्फाची जनुके किती आहेत, हिवताप किती, पोटात अन्न किती, ताप आल्यावर दवाखाना किती कोसांवर, असे आणखी हात त्यात असतात, आणि त्यांतले सगळेच काही गुणसूत्रांवर नसतात. ‘सौम्य’ हा शब्द सरासरीचा आहे. सरासरीला कळा येत नाहीत. त्या आरमोरीच्या किंवा धडगावच्या एखाद्या पोराला रात्री दोन वाजता येतात. सरकारी कागदांत हा शब्द किती वर्षे आडोशासारखा वापरला गेला असेल, ह्याचा विचार मनात आला की मला अस्वस्थ वाटते.

नागपुरातूनच दुसरीही एक गोष्ट निघाली, आणि ती वर्तमानपत्रांत फारशी झळकली नाही. हायड्रॉक्सियुरिया हे जुने, स्वस्त औषध गॅमाला थोडे जागे करते हे १९८४ पासून ठाऊक होते, आणि १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब झाले. नागपुरात गंभीर आजारी मुलांवर त्याचा लहान, ठरावीक डोस, वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, देऊन पाहिला. अमेरिकेत तो वाढवत वाढवत कितीतरी वर नेतात. एवढ्यानेही झटके पुष्कळ कमी झाले. आपल्याकडच्या मुलांत गॅमा आधीच अर्धवट जागा असतो, त्याला हलकासा धक्का पुरतो, असे मला ह्याचे कारण वाटते. १५८ व्या जागेच्या त्या अक्षराचे हे एवढे देणे खरे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासायचे आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा असा तिचा संकल्प आहे. तपासणीची कार्डे वाटली जात आहेत. कार्डावर पॅटर्न लिहिलेला असतो: एएस किंवा एसएस. गॅमा किती, हे त्यावर लिहिलेले नसते. ते कळायला वेगळी तपासणी लागते, आणि एसएस निघालेल्या मुलाला ती गोळी रोज, वर्षानुवर्षे, खंड न पडता लागते. गडचिरोलीच्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आरोग्यकेंद्राचा रस्ता कित्येक दिवस बंद असतो. तेवढे दिवस पुरतील इतक्या गोळ्या त्या घरात आधीच पोचलेल्या असाव्या लागतात.